टपावरची बाटली

१९९८ सालच्या मार्च महिन्यात आम्ही गाडी विकायला काढली. आमच्याकडे, दक्षिण गोलार्धात, उन्हाळा सरत आला होता, आमच्या ग्वालेग्वाय गावाच्या फुटपाथांवर बकाणनिंबाची पिवळी फळं पडायला लागली होती आणि माझ्या नवऱ्याच्या, एवारिस्तोच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी त्याला बजावलं. मी तोंड पाडून बसले. मनातून मात्र मी त्या डॉक्टरांना ओवाळलं होतं.

गाडी प्यूजो ५०४ होती, सत्त्याहत्तरची, सायीच्या रंगाची. ती घेतली तेव्हा एवारिस्तोची बायको इर्मा होती. १९६३च्या जत्रेत क्लबच्या फरशीवर माझ्याच उंचीचा तो रात्रभर माझ्याशी नाचला होता आणि पुढच्या वर्षी त्याने इर्माशी लग्न केलं. मी शाळेत गणित शिकवत राहिले. इर्मा एकोणनव्वदमध्ये गेली. ब्याण्णवमध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मी त्याच्या घरात आले. एकोणतीस वर्षं वाट पाहिली होती मी. घरातले पडदे बदलले, भांडी बदलली, गाद्या बदलल्या. गाडी तेवढी राहिली.

इर्मा बुटकी होती. आमच्याकडे स्टिअरिंग डावीकडे असतं; ड्रायव्हरच्या उजवीकडची सीट ती अगदी पुढे ओढून बसायची, मांडीवर गरम पाण्याचा थर्मास, हातात येर्बाचा, म्हणजे कडवट हिरव्या पानांच्या काढ्याचा, तुंबा. गाडी चालवणाऱ्याला शेजारच्याने तुंबा भरून द्यायचा, त्याने नळीने ओढून रिकामा परत करायचा, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. इर्मा त्यात संत्र्याची वाळवलेली साल घालायची. हे मला एवारिस्तोनेच सांगितलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीत, मी भरून दिलेला पहिला तुंबा परत करताना. मग तो म्हणाला, "आभारी आहे."

तुंबा परत करताना आभार मानले, की आता पुरे, असा अर्थ होतो. सहा वर्षांत माझ्या हातचा दुसरा तुंबा त्याने कधी घेतला नाही.

मी उंच आहे. त्या सीटवर बसले की माझे गुडघे समोरच्या कप्प्याला लागायचे. मी खटका ओढून सीट मागे सरकवायची. पुढच्या वेळी ती पुन्हा पुढे आलेली असायची. ब्रेक लावला की सरकत असेल, असं मी धरून चालले. मेकॅनिककडून खटका बदलून घेतला, दात नवे बसवले. तो म्हणाला, "बाई, आता बैल जुंपला तरी हलायची नाही." आठवड्याने माझ्या गुडघ्यांवर तोच निळा डाग होता.

तर गाडी विकायला काढली. मालकी बदलण्याच्या फॉर्मवर एवारिस्तोने सही करून ठेवली. मी बाटली भरली. गाडी विकाऊ असली की टपावर पाण्याने भरलेली बाटली ठेवायची, ही आमच्याकडची खूण. रिकामी ठेवली तर वारा नेतो. मी दोन लिटरची, गळ्यापर्यंत भरलेली, झाकण घट्ट लावून ठेवली. गाडी दारासमोर झाडाच्या सावलीत उभी होती. जेवण झालं, गाव झोपलं. एक ते चार आमच्या गावात कुत्रंही रस्ता ओलांडत नाही.

चार वाजता खिडकीच्या झडपा उघडल्या तर बाटली खाली फुटपाथवर उभी होती. झाकण लावलेलं. अर्धी.

खाली ओल नव्हती.

मी ती भरून पुन्हा वर ठेवली. दुसऱ्या दिवशी बाटली खाली होती आणि त्यात बोटभर पाणी होतं. तिसऱ्या दिवशी तर थेंबही नव्हता. समोरच्या घरातल्या शेजारणीने, पोलाने, खिडकीतून हाक मारली, "अहो बाई, गाडी विकायची आहे की कुणाची तहान भागवायची आहे?"

"उनाड पोरांचे उद्योग," मी म्हटलं.

"पोरं? या उन्हात? माझ्या घरातली तर चुलीवरच्या भांड्यासारखी घोरत पडलेली असतात."

माझा संशय एवारिस्तोवर होता. तिची गाडी विकली जाऊ नये म्हणून तोच बाटली काढत असणार. मला राग आला, आणि राग आल्याचं बरंही वाटलं, कारण त्या रागाला काही कारण होतं. चौथ्या दिवशी मी डोळे मिटून पडून राहिले. पावणेदोनला तो उठला. सपाता पायात सरकवल्याचा आवाज आला, मग बाहेरचं दार. मी खिडकीच्या झडपेच्या फटीला डोळा लावला.

तो गाडीत, ड्रायव्हरच्या जागी बसला होता. काच खाली होती. बाटलीला त्याने हातही लावला नव्हता. ती, सकाळी मी भरून ठेवलेली, टपावरच होती. तो समोर बघत होता, रस्ता बघतात तसा. मग त्याने उजवा हात शेजारच्या सीटकडे नेला. पंजा वाटोळा झाला. हात तोंडाशी आला, ओठ चंबू झाले, गळ्याची घाटी खालीवर झाली. हात परत उजवीकडे गेला. थोडा वेळ थांबला. पुन्हा आला.

मी मोजत होते. मोजणं हा माझा पेशा. अकरा वेळा.

एकदाही त्याने आभार मानले नाहीत.

अकराव्या वेळी तो हसला. ते हसणं मी त्रेसष्टमध्ये क्लबच्या फरशीवर ऐकलं होतं, त्यानंतर कधी नाही.

मी टपाकडे पाहिलं. बाटली रिकामी होती.

तो आत आला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते.

"कुठे गेला होतास?"

"गाडीत बसलो होतो जरा. निरोप घ्यायला."

"एकटाच?"

"आणखी कोण येणार, ओती?" तो माझ्या शेजारून गेला. त्याच्या मिशीला येर्बाचा हिरवा चुरा चिकटला होता. संत्र्याच्या सालीचा वास आला. माझ्या घरात सहा वर्षांत मी ती साल वाळू दिली नव्हती.

पलंगावर बसत तो म्हणाला, "तिला गाडी शिकायची होती. किती मागे लागायची. आज शिकवतो, उद्या शिकवतो... राहिलंच."

त्याला शोक झाला असता, तर मी सहन केला असता. पण तो खूष होता.

पुढच्या मंगळवारी तो पेन्शन आणायला बँकेत गेला. तिथली रांग म्हणजे अख्खी सकाळ. दहाच्या सुमारास एक रुंद खांद्यांचा, उन्हाने भाजलेला माणूस गाडीभोवती फिरताना दिसला. ताला गावचा कासिमिरो, मधमाश्या पाळणारा, एकटा राहणारा. चाकं लाथाडून पाहणं, बॉनेट उघडून मान डोलावणं, सगळं यथासांग झालं. उजवीकडचं दार उघडून तो म्हणाला, "इथे कोण बसतं हो बाई? शाळकरी पोर?"

"कोणी नाही बसत."

"असू दे तशीच. मी एकटा जीव. मागे पेट्या, पुढे मधाचे डबे."

फॉर्मवर जोडीदाराच्या संमतीची चौकट असते. बायकोने सही केल्याशिवाय नवऱ्याला गाडी विकता येत नाही, असा कायदा आहे. त्या चौकटीत मी माझं पूर्ण नाव लिहिलं. पेन इतकं दाबलं की कागद फाटायचा राहिला. गाडी आपल्या नावावर करून घ्यायला खरेदीदार पुढे कचेरीत जायचा की नाही, हे तेव्हा कोणी विचारत नसे. सही केलेला फॉर्म दिला, किल्ली दिली, विषय संपला. मीही तेच केलं. गणिताची बाई असून.

गाडी कोपऱ्यावर वळताना मागच्या काचेतून दिसलं: कासिमिरोचा उजवा हात शेजारच्या सीटकडे गेला. गिअर बदलला असेल, असं मी मनाशी म्हटलं. ताटं धुताना आठवलं, त्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच आहे.

एवारिस्तो परत आला. रिकामी जागा पाहून दारात थांबला, मग आत येऊन टोपी खुंटीला लावली. "विकलीस?"

"तुझी सही होती."

"हो. होती." संध्याकाळी मी तुंबा भरून दिला. त्याने तो घेतला, संपवला, परत केला. "आभारी आहे."

चार महिने गेले. जुलैच्या थंडीत पोस्टाने दंडाची नोटीस आली, आमच्याच नावावर. कासिमिरोने कागद केले नव्हते. महामार्गावर तेव्हा नुकतेच कॅमेरे बसवले होते आणि नोटिशीबरोबर फोटो यायचा. मी तो खिडकीपाशी नेला.

कासिमिरो हसत होता. त्याचा उजवा हात लांब केलेला होता. शेजारी, काचेच्या अगदी खालच्या कडेला, एका बुटक्या माणसाच्या केसांचा वरचा भाग दिसत होता, आणि दोघांच्या मधोमध एक लहान गोल वस्तू, दोन हातांत.

मी घाबरायला हवं होतं. मला हसू फुटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा मी जिंकले होते. मी तो फोटो एवारिस्तोच्या ताटाशेजारी ठेवला आणि भिंगही आणून दिलं.

"बघ तुझी इर्मा. चार महिन्यांतच दुसऱ्याला पाजायला लागली."

त्याने भिंग धरलं. सूप गार होऊन वर साय धरली. "हसतोय तो," तो म्हणाला.

"हसतोय खरा."

"सालही घातली असेल तिने." त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मला माझाच आवाज ऐकल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं आतल्या आत मी याच आवाजात बोलत होते.

त्या दुपारी तो झोपला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली तेव्हा तो तालाच्या बसने निघून गेला होता. ओट्यावरची दोन लिटरची बाटली नव्हती.

ताला आमच्यापासून फार लांब नाही. कासिमिरो मला नंतर भेटला, अंत्यसंस्कारात, टोपी हातात चुरगाळत. म्हणाला, "बाई, त्यांनी नुसता हात पुढे केला. मी किल्ली देऊन टाकली. पैसेही परत मागितले नाहीत त्यांनी. मीच परत आणून देणार होतो. रोज दुपारी त्या गाडीत जाऊन बसावंसं वाटायचं... तहान लागायची. आणि मी येर्बा पीत नाही हो. पोटाला सोसत नाही माझ्या."

गाडी नदीच्या पुलाअलीकडे, कच्च्या रस्त्यावर, वाळुंजाच्या झाडाखाली सापडली. नीट कडेला घेतलेली, हँडब्रेक लावलेला. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी त्याने ती तिथवर कशी आणली, कोण जाणे. तो ड्रायव्हरच्या जागी होता. डॉक्टरांनी दाखल्यावर हृदयविकार लिहिला. त्याची मिशी ओली होती. पोलिसांनी मला बाटली दिली, रिकामी.

माझा नवरा इर्माच्या शेजारी पुरला गेला. ती जागा दोघांसाठी म्हणून आधीच घेतलेली होती. माझी जागा भिंतीकडच्या रांगेत आहे, विचारून ठेवलं आहे. कासिमिरोने मधाचा धंदा चालू ठेवला, साठाव्या वर्षी एका उंच विधवेशी लग्न केलं आणि पुन्हा गाडी घेतली नाही. मोटारसायकलवर डबे बांधून फिरायचा. चार वर्षांपूर्वी गेला. पोला पाराना शहरात मुलीकडे राहते. रविवारी फोन करते आणि अजून विचारते, "काय बाई, बाटली वर की खाली?"

गाडी कागदोपत्री कधी विकलीच गेली नव्हती, म्हणून पोलिसांनी ती माझ्याच दारात आणून लावली. आणणारा शिपाई सहा फुटी होता. मी ती मागच्या शेडमध्ये घालून दाराला कुलूप लावलं आणि किल्ली शिवणाच्या डब्यात ठेवली. सव्वीस वर्षं ते कुलूप कोणी काढलं नाही.

या वर्षी मी ऐंशीची झाले. घर आवरायला घेतलं आहे. गेल्या सोमवारी शेजाऱ्यांना गाडी ढकलत झाडाखाली आणायला लावली, बसलेल्या टायरांवरच. बाटली भरून टपावर ठेवली. चार वाजता झडपा उघडल्या. बाटली टपावर होती, गळ्यापर्यंत भरलेली. मंगळवारीही. बुधवारीही.

गुरुवारी मी बाहेर गेले, उजवीकडचं दार उघडलं आणि बसले.

माझे गुडघे कशालाच टेकले नाहीत.

सीट पार मागे होती, माझ्या पायांच्या मापाची. संत्र्याच्या सालीचा ताजा वास येत होता. माझे डोळे भरून आले. शेवटी त्याने माझ्यासाठी जागा केली, असं मला वाटलं.

मग मी डावीकडे पाहिलं. ड्रायव्हरची सीट पुढे ओढलेली होती. अगदी पुढे, बुटक्या माणसाचे पाय पोचतील इतकी.