जमिनीचा आवाज

सकाळी स्टुडिओत पोचलं की ताई आधी चपला दाराशी काढायची, कमरेला फडकं बांधायची आणि टेबलावर आपला बाजार मांडायची. चामड्याचा फाटका कोट, ओल्या वाळूची थैली, जाड कापडाचे तुकडे, कोबीचे गड्डे, गाजरांची जुडी. बघणाऱ्याला वाटावं, बाई स्वयंपाकाला लागली. लागलेली असायची ती मारामारीला. पडद्यावर कुणी कुणाच्या थोबाडीत दिली की इथे कोटावर तिचा तळवा पडे. तिथे हाड मोडलं की इथे गाजर.

"ताई, तुमच्या हातून माणसं गेली तेवढी एखाद्या साथीत गेली नसतील," रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून म्हणायचा.

"आणि एकाचंही रक्त पुसावं लागलं नाही. नुसता कोबी झाडावा लागतो."

या कामाला त्यांच्या धंद्यात साधा शब्द होता. आवाज देणं. याला आवाज दे, त्याला आवाज दे. दिवसभर आवाज देऊन देऊन संध्याकाळी तिच्या खांद्यांत इतका शीण भरायचा की जिना चढताना पिशवीसुद्धा परक्या हातातली वाटायची.

या खेपेचं काम जुनं होतं आणि घरचंही. रिकाम्या हातांनी लढणाऱ्या योद्ध्याचा तो सिनेमा बघून एक अख्खी पिढी अंगणात लाथा झाडत वाढली होती. त्याचं चित्र कुठल्याशा गोदामात शाबूत सापडलं, पण आवाजाची रिळं सादळून आंबूस वासाचा लगदा झाली होती. बोलणं नव्या गळ्यांनी भरून काढलं. मार तेवढा राहिला. तो ताईकडे आला.

त्या सिनेमात चेहरा हिरोचा होता आणि मारामारीत पाठ ताईच्या दादाची. हिरो जाऊन जमाना लोटला. पाठ अजून होती. घरी, खिडकीजवळच्या पलंगावर, डाव्या अंगावरून वारं गेलेली.

"चिमे," धडधाकट होता तेव्हा दादा सांगायचा, "मार असा द्यायचा की मूठ आणि अंग यांच्यात वीतभर हवा राहिली पाहिजे. त्या वीतभर हवेवर आमचं पोट."

ताईने वखारीतल्या मारामारीपासून सुरुवात केली. पोत्यांच्या थप्प्या, वर तरंगणारी धूळ, मधोमध दादाची पाठ. इतकी तरुण, इतकी ताठ, की पहिल्यांदा तिचा हात वरच्या वर राहिला आणि वेळ चुकली. मग तिने डोळ्यांतलं पाणी फडक्याला पुसलं आणि कामाला लागली. मूठ उठली, मूठ फिरली, मूठ आली. आणि वीतभर हवा उरलेली असताना तिने कोटावर हात हाणला. पडद्यावर मार बसला. अगदी बसला.

घरी आली तर दादाला सांभाळणारी बाई दारातच उभी.

"ताई, आधीच सांगते, मी हात लावलेला नाही."

"कशाला?"

बाईने दादाचा सदरा वर केला. बरगड्यांखाली काळानिळा वळ उठला होता, वाटीएवढा, कडेला लालसर.

ताईने पलंगाचा कठडा चाचपला. त्याला उशी बांधली. दुसऱ्या दिवशी खांद्यावर वळ आला, तेव्हा तिने कठडाच काढून टाकला. तिसऱ्या खेपेला पाठीवर आला तेव्हा डॉक्टरांना बोलावलं.

"रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. अशा अंगावर डाग सहज पडतात," डॉक्टर म्हणाले. मग पेनाचं टोपण लावता लावता, तिच्याकडे न बघता विचारलं, "घरी यांच्याजवळ कोण कोण असतं?"

"मी आणि बाई."

"बरं," ते म्हणाले. त्या बरंमध्ये बरं काहीच नव्हतं.

बाई त्या दिवशी भांडी घासताना रडली. ताईला रडायलाही त्राण नव्हतं. तिने वाटी-चमचा घेतला आणि दादाला भरवायला बसली. दादाच्या तोंडून शब्द फार थोडे निघायचे, आणि जे निघायचे ते चढ चढून आल्यासारखे दमलेले असायचे.

"चिमे."

"बोल रे."

"आवाज... देऊ नको."

ताईला वाईट वाटलं. रोज संध्याकाळी जिन्यातूनच ती हाक मारायची, दादा, आले रे! लहानपणापासूनची सवय. बिचारा दचकत असेल. दुसऱ्या दिवसापासून तिने हाक बंद केली. कडी न वाजवता दार उघडायचं, मांजरीच्या पावलांनी आत यायचं. बाईलाही ताकीद दिली, हळू बोल, भांडं आपटू नको. सगळं घर चिडीचूप झालं.

एके दिवशी तिने नदीकाठच्या लढतीला आवाज दिला होता. हनुवटीवर लाथ, त्यासाठी कोबीचा अख्खा गड्डा. आत आली तर दादाची हनुवटी सुजून एका बाजूला गेली होती. तो रडत नव्हता. तो तिच्या हातांकडे बघत होता.

ताईने हात पाठीमागे नेले. तळव्यांना अजून चामड्याचा वास होता.

तिने स्वतःला पुष्कळ समजावलं. आपण दमलोय, जागरणं झालीत, दमलेलं डोकं कशालाही काहीही जोडतं. पण आई डोळ्यांपुढून हलेना. तरणाताठा दादा पालथा पडलाय, आई पाठ शेकतेय आणि पुटपुटतेय, "शूटिंग तर मागेच संपलं म्हणतोस, मग हे आत्ता कुठून आणतोस रे?" त्या दिवसांत स्टुडिओत त्या सिनेमाला पहिल्यांदा आवाज देणं चाललं होतं. आणि ते संपता संपता दादा न्हाणीघरात पडला, कमरेचं हाड मोडून बसला. पाय घसरला असेल, असं सगळे म्हणाले. फरशी कोरडी होती, असं आई म्हणाली. तिचं कुणी ऐकलं नाही. दादा तरुण होता, उठला.

आता काय उठणार होता?

आणि शेवटचा प्रसंग राहिला होता.

शेवटी योद्ध्याला बुरुजावरून खाली फेकतात. दादाने ती उडी खरीच मारली होती, खाली रचलेल्या खोक्यांवर आणि गाद्यांवर. खोकी दिसू नयेत म्हणून कॅमेरा त्याच्याबरोबर अर्ध्यावरच आला होता. माणूस पडतो, पडतो, पडतो, आणि मग पडदाभर पांढरी धूळ. धुळीतून उठतो तो हिरोचा चेहरा. जमीन कुठे दाखवलेलीच नव्हती. जमीन होती ती नुसती आवाजात.

"वाळूची थैली घ्या ताई, मोठी," रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून म्हणाला. "हा आवाज असा पडला पाहिजे की मागच्या रांगेतल्याच्या पोटात गोळा यावा."

ताईने थैली छातीशी उचलली. पडद्यावर दादाचे पाय बुरुजावरून सुटले. सदऱ्याचा घोळ वाऱ्याने वर गेला. धूळ झाली.

थैली तिच्या हातातच होती.

"काय झालं?"

"हात धरतायत रे."

"बसा मग तुम्ही. एवढा एकच तर राहिला. माझ्याकडे साठ्यातले पडायचे आवाज ढीगभर आहेत, त्यातला एक टाकतो."

"नको!"

ती इतक्या जोरात ओरडली की काच झणझणली. रेकॉर्डिस्टने कानावरची यंत्रं काढली आणि तिच्याकडे बघत राहिला. ताईने थैली दोन्ही हातांनी खाली नेली, झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तशी, टेकल्याचा आवाज होऊ न देता.

"इथे आवाजच देऊ नकोस," ती म्हणाली. "तसंच राहू दे."

"ताई, लोक याच जागेची वाट बघत बसतात."

"एकदा तसं लावून तर बघ. माझ्यासाठी."

त्याने लावलं. आरडाओरडा, तलवारी, वारा. पाय सुटले. वारा वाढला. आणि धूळ झाली तिथे काही नाही. नुसती पांढरी शांतता, संपतच नाही अशी.

रेकॉर्डिस्टने चित्र थांबवलं. मग त्याने दंडावरून हात फिरवला.

"काटा आला की हो. राहू दे असंच. कुणी विचारलं तर मी सुचवलं म्हणून सांगणार, आधीच सांगतो."

"खुशाल सांग. मागाहून काही घालणार नाहीस ना?"

"नाही हो."

"माझी शपथ घे."

"तुमची शपथ ताई. झालं? जा आता घरी, तोंड बघा कसं उतरलंय."

दुपारची वेळ होती. इतक्या लवकर ती किती दिवसांनी घरी निघाली होती. जिना चढताना पिशवी हलकी लागत होती.

बाई हसतमुखाने सामोरी आली. "आज अंगावर नवीन काही नाही हो ताई. मी दोनदा बघितलं. सकाळी जरा तळमळले, मग एकदम शांत पडले."

"जा तू आज. मी आहे."

दादा उताणा होता. डोळे उघडे, छताला लागलेले. कपाळावरचे केस मागे गेले होते. बाईने विंचरले असतील. ताईने हनुवटी बघितली, बरगड्या बघितल्या. वळ फिके पडत होते. तिने त्याच्या गालावरून हात फिरवला. गाल गार होता, बाहेरून वाऱ्यातून आलेल्या माणसाचा असतो तसा. श्वास मात्र चालू होता, संथ.

"वाचलास रे दादा," ती म्हणाली.

त्याचा सदरा कमरेपाशी हलत होता. तिने खिडकी बघितली. बंद होती. पंखाही बंद होता.

चादर घामट झाली होती. ती बदलणं म्हणजे रोजचं दिव्य. त्याला आधी या कुशीवर ढकला, अर्धी चादर गुंडाळा, मग त्या कुशीवर, मग मधे अडकलेली ओढून काढा. तिची कंबर नुसत्या विचाराने दुखली. ती पायथ्याशी गेली, दोन्ही टोकं धरली आणि किती अडकलीय ते बघायला जराशी ओढली.

चादर आली. अंगाखालून, एका ओढीत, सगळीच्या सगळी. कुठेच अडली नाही. अंग आणि गादी यांच्यात वीतभर हवा होती.