वसुधाबाईंचा वर गेलेला हात

"मी हात वर केला नव्हता," असं म्हणत वसुधाबाईंनी मोबाइल इंदिरा शितोळेच्या टेबलावर जवळजवळ आपटलाच. "आणि हा बघा, माझा हात."

इंदिरा पोहे खात होती. इंदूरमध्ये खासगी तपासाचं काम करणारी ही बाई रागावलेल्या अशिलांना घाबरत नसे, कारण बहुतेक वेळा ती स्वतःच रागावलेली असे. तिचा सहकारी श्रीपाद वर्षापूर्वी साताऱ्याहून आलेला. तो पोह्यांवरची तिखट मसाल्याची भुकटी चमच्यानं बाजूला सारत होता.

"हे जिरावन लोक आवडीनं मागून कसं घेतात?" तो कुरकुरला. इंदिरानं मोबाइल उचलून फोटो पाहिला.

फोटो शिप्रा लोकविद्यापीठाच्या विद्वत सभेचा होता. टेबलामागे बसलेल्या प्राध्यापकांचे हात वर होते.

"आमचा पंचवार्षिक विकास आराखडा," वसुधाबाई म्हणाल्या. "त्यात राजवाड्याजवळची सायंशाखा बंद करून इमारत कंपनीला द्यायची आहे. दिवसभर सराफ्यात काउंटरवर उभ्या राहणाऱ्या मुली तिथे शिकतात, हातोदहून बसनं येतात. सभेची संमती नसेल तर आराखडा पुढे जातच नाही. मी गावभर सांगत होते, विरोध करणार म्हणून. आणि आता कुलसचिव हा फोटो दाखवतात. म्हणे, सगळ्यांनी हो म्हटलं."

"बाकीचे सदस्य काय म्हणतात?"

"जो तो म्हणतो, मी नाही केला, दुसऱ्यांनी केला. सकाळपासून हात वरखाली चालूच होते ना. मागचं इतिवृत्त मंजूर, करा हात वर. उपसमिती मंजूर, करा हात वर. कोण ऐकतं? आता मतलब मलाच स्वतःची शंका यायला लागली." त्या थांबल्या. "काल पलक नावाची माझी विद्यार्थिनी भर वर्गात म्हणाली, 'मॅडम, आपने भी हमको बेच दिया.' शाखा वाचली तर चांगलंच. पण ते वाक्य मला घेऊन मरायचं नाहीये."

कार्यपरिषद त्याच दुपारी आराखड्यावर शिक्का मारणार होती.

"फोटो कंप्यूटरवर बनवला असेल," श्रीपाद म्हणाला.

"तपासून घेतला," वसुधाबाई म्हणाल्या. "खरा आहे."

इंदिरानं फोटो श्रीपादपुढे धरला. "काय दिसतं?"

"हात. सगळ्यांच्या माना एका बाजूला वळल्यात. बाईंनी अंगठा आणि तर्जनी जुळवलीय, ध्यानाला बसल्यासारखी. आणि या गृहस्थाचा हात खाली आहे. कोणीतरी सच्चा माणूस दिसतो."

"तो यशवर्धन," वसुधाबाई फणकारल्या. "आमचा अधिष्ठाता. आराखडा त्यानंच लिहिलाय."

श्रीपादचा चमचा हवेतच राहिला. इंदिरा मात्र उठून चपला घालत होती.

कुलसचिव यतीन बोळे यांनी दोघांना बसायला सांगितलं, पण स्वतःचं घड्याळ बघत.

"देखो इंदिराजी, सीधी बात आहे. मी ठराव वाचला, हात वर झाले, आमच्या सल्लागार मॅडमनी फोटो काढला. आता बाहेर मुलं ओरडतात तर प्रोफेसरांना लाज वाटते. बस."

"ठराव कुठून वाचलात?"

"मंचावरून. आणखी कुठून?"

"मध्ये सुट्टी झाली होती?"

"छे. सलग बैठक. पाण्याशिवाय सभागृहात काही आलं नाही. सीरियस मामला होता ना."

सभागृह रिकामं होतं. समोर मंच, दार उजव्या भिंतीला. श्रीपाद खुर्चीवर टेकला आणि टेबलावरच्या पांढऱ्या कापडाला नाक मुरडू लागला. त्यावर हळदीचे डाग पडले होते आणि घडीत शेवेचे तुकडे अडकले होते.

"धुवायला टाकत नाहीत वाटतं," तो म्हणाला.

"नशीब आपलं," इंदिरा म्हणाली.

यशवर्धन आपल्या खोलीत दहीभात जेवत होता. डब्यात लोणचंसुद्धा नव्हतं. "अल्सर," तो म्हणाला. "मिरचीचं नाव काढलं तरी डॉक्टर ओरडतो." हाताबद्दल विचारल्यावर त्यानं मान खाली घातली. "आराखडा माझा. म्हणून मी, म्हणजे, तटस्थ राहिलो."

"हे तेव्हा ठरवलंत, की फोटो पाहिल्यावर?"

त्यानं डब्याचं झाकण लावलं.

शमिका ही सल्लागार पुण्याची, इंदूरला नवी. "बोळे सरांनी मला मंचाजवळ उभं केलं," ती म्हणाली. "म्हणाले, मी खूण केली की एक जिवंत फोटो काढ, अहवालात टाकू. मग ते दाराशी जाऊन हिंदीत काहीतरी ओरडले. सगळे हसत होते. हात वर आले, मी काढला. संमतीचा फोटो म्हणून वापरतील, हे मला ठाऊक नव्हतं."

"हसत होते?" श्रीपादनं विचारलं. "शाखा बंद करताना?"

इंदिरानं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि कॅन्टीनचा रस्ता धरला.

दुपारी कार्यपरिषद बसली. कुलगुरू प्रतापराव मंचावर होते. समोर मुद्दाम बोलावलेले विद्वत सभेचे सदस्य, एकमेकांची तोंडं न बघता बसलेले. मागे भिंतीला टेकून पलक उभी होती, हाताची घडी घालून.

बोळे आराखडा वाचायला उठले, तेवढ्यात दार उघडलं. कॅन्टीनवाला पोह्यांची परात घेऊन आत आला आणि त्याच्यामागून इंदिराचा खणखणीत आवाज आला.

"जिरावन किस-किस को? हाथ ऊपर, भिया!"

भराभर हात वर झाले. वसुधाबाईंचाही झाला, अंगठा आणि तर्जनी जुळवून, चिमूटभरच हवं म्हणून. यशवर्धनचा हात खाली राहिला. मंचाजवळून श्रीपादनं फोटो काढला.

"आता दोन्ही फोटो शेजारी ठेवा," इंदिरा म्हणाली.

प्रतापरावांनी ठेवले. इंदिरा पुढे आली.

"ठराव मंचावरून वाचला, असं बोळे सांगतात. मग माना दाराकडे का? मत देताना कोणी चिमूट दाखवतं का? आणि आराखड्याचा बाप हात खाली ठेवतो, कारण त्याला मिरची चालत नाही. हा डाव त्याला माहीत असता तर त्यानं सगळ्यात आधी हात वर केला असता. नंतर फोटो बघून तो तटस्थपणाची शाल पांघरून बसला, एवढाच त्याचा गुन्हा. शमिकाला फोटो कशाचा ते कळलं नाही. राहिले बोळे. पोहेवाला प्रत्येकाच्या ताटाशी विचारतो, त्या दिवशी मात्र कुलसचिव दाराशी उभे राहून सगळ्यांना एकदम विचारतात. आणि मला सांगतात, पाण्याशिवाय काही आलंच नाही. टेबलावरचे हळदीचे डाग काय पाण्यानं पडले?"

"एका मसाल्यावरून तुम्ही..." बोळे प्रतापरावांकडे पाहत म्हणाले.

"बोळे," प्रतापराव म्हणाले, "किल्ल्या टेबलावर ठेवा आणि घरी जा. चौकशीला बोलावू तेव्हा या."

किल्ल्या खणकन वाजल्या. सदस्यांत सुटकेची कुजबुज सुरू झाली, कोणी हसलंसुद्धा. तिथेच इंदिराचा पारा चढला.

"हसताय काय? हा माणूस चोर आहे, ठीक. पण त्याचं फावलं कसं? इतकी वर्षं न ऐकता हात वर करत आलात, म्हणून तुमच्यातल्या एकालाही छातीवर हात ठेवून सांगता आलं नाही, की हा हात आराखड्याला नव्हता. आणि वसुधाबाई मात्र विकल्या गेल्या, हे लगेच पटलं तुम्हाला. पोह्यांना सगळे हजर होतात. आराखडा किती जणांनी वाचलाय?"

परातीतले पोहे गार होत होते.

प्रतापरावांनी घसा साफ केला. "ठराव आत्ता वाचतो, पूर्ण. सायंशाखा बंद करायला ज्यांची संमती आहे, त्यांनी हात वर करावा."

त्यांनी शब्द न् शब्द वाचला. यशवर्धनचा हात अर्धा उठला, पण बाकीच्यांकडे बघून तो चष्म्याशी चाळा करू लागला. दुसऱ्या कोणाचाही हात उठला नाही.

"विरोध?"

बाकी सगळ्यांचे हात वर गेले. वसुधाबाईंनी मात्र हात वर केला नाही. त्या उभ्या राहिल्या.

"माझा विरोध मी तोंडानं सांगते," त्या म्हणाल्या. "हातावर माझा भरवसा उरला नाही."

मग त्या मागे वळल्या. पलकच्या हातांची घडी सुटली होती.

"मॅडम, मैं..."

"संध्याकाळी वर्गात बोल," वसुधाबाई म्हणाल्या. त्यांचा राग अजून उतरला नव्हता. "सगळ्यांसमोर बोलली होतीस ना, आता हेही सगळ्यांसमोर."