एका रात्रीच्या अंतरावर

आशय मला भेटला तो बंगळुरात, बनशंकरीहून विमानतळाला जाणाऱ्या बसमध्ये. बाहेर भुरभुर पाऊस, बस हेब्बाळला अडकलेली, आणि मी फोनवर मावशीला आमच्या कानडीमिश्रित मराठीत सांगत होते, सरी गं, स्वल्प उशीर होईल. शेजारचा मुलगा हसला. मी डोळे वटारले, तर म्हणाला, "पुण्याचं विमान दीड तासात पोचवते म्हणे. ही बस मात्र पोचवूनच नाही राहिली." अस्सल नागपूरकर! माझं विमान त्या दिवशी चुकलं, आणि खरं सांगते, मला मेलं काडीचंही वाईट वाटलं नाही.

मग काय… त्याचं ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीत, माझं जयनगरला, आणि मधे कुठंतरी रोजची फिल्टर कॉफी. एका छत्रीत चालताना तो मुद्दाम अर्धा भिजायचा, मी मुद्दाम रागवायचे. वर्षभरानं त्याला सॅन फ्रान्सिस्कोची नोकरी लागली आणि तो बनशंकरीला आमच्या घरी, मावशीकडे मला मागणी घालायला आला. मावशी हो म्हणेल याची मला मुळीच खात्री नव्हती.

कारण महानंदा मावशीचा एक हट्ट होता. माझे बाबा फौजेत, आई त्यांच्याबरोबर आसामात. ती आजारी पडली तेव्हा मावशी बेळगावहून गाड्या बदलत चौथ्या दिवशी पोचली… आई तोवर गेली होती. मला कडेवर घेऊन मावशी परतली, तिनंच मला वाढवलं. एका रात्रीत पोचता येणार नाही इतक्या लांब पोरगी द्यायची नाही, हे तिनं तेव्हाच ठरवलं. आम्ही दोघी जिनं बंगळूरला आलो ती बेळगावची रात्रीची बस, हेच तिचं माप.

तिनं विचारलं, विमान कधी सुटतं नि कधी पोचतं. आशयनं सांगितलं, दुपारी दोनला सुटतं, त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला उतरतं. मावशीनं बोटांवर हिशेब केला आणि तिचा चेहरा खुलला. हे तर बेळगावपेक्षा जवळ झालं की, म्हणत ती साखर आणायला उठलीसुद्धा.

मी टेबलाखाली आशयचा पाय दाबला. जमतंय ना, जमू दे… त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. हातावर आलेली साखर तशीच ठेवून तो म्हणाला, "मावशी, तिथलं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागं आहे. विमानात सोळा तास बसावं लागते. चौदा हजार किलोमीटर आहे."

मावशीनं साखरेची वाटी बाजूला सारली. मला त्याचा असा राग आला… आणि त्याच क्षणी तो इतका आवडला, की डोळे भरून आले.

मग तिनं विचारलं, मधे गाडी बदलायची का. नाही, थेट आहे, आशय म्हणाला. तुम्ही हाक मारा, तिकीट मी काढतो, नाहीतर हिला घेऊन मीच येतो.

"म्हणजे बसायचं, झोपायचं, नि उठलं की पोरीपाशी," मावशी स्वतःशीच म्हणाली. मग त्याच्याकडे बघून, "आत्ता गप्प बसला असतास नि मला मागनं कळलं असतं, तर पोरगी इथल्या शेजारच्या आनेकललासुद्धा दिली नसती."

आणि तिनं त्याचं तोंड गोड केलं.

मी त्याला खाली रिक्षापर्यंत सोडायला गेले.

"थँक्यू," मी कशीबशी म्हणाले.

"कशाबद्दल?"

"माझं ऐकलं नाहीस म्हणून."