मागची सीट

भीमराज त्या दिवशी निघाला होता तो पाण्याची टाकी आणायला. शहाण्णव सालचा मे महिना. साखर कारखान्याचा हंगाम संपलेला, वर्कशॉपमधल्या त्याच्यासारख्या फिटरांना काम बेताचंच होतं, आणि श्रीरामपूरच्या कडेला नव्यानं बांधलेल्या घराला टाकी हवी होती. नेवाशाकडं एका मळ्यात जुनं लोखंड विकायला काढलंय असं कळलं, म्हणून मित्राचा ट्रॅक्टर मागून घेऊन तो गेला. मळा कुणाचा ते त्याला ठाऊक होतं. त्याच गावात तो जन्मला होता.

टाकीची गंजून चाळण झाली होती. पण गोठ्यामागं, कडब्याच्या ढिगाला टेकून, मळ्याचे जुने मालक आप्पासाहेब यांची गाडी उभी होती. लांबलचक काळी डॉज. चाकं मातीत रुतलेली, बॉनेटवर कोंबड्या.

भीमराजचे वडील सहादू यांनी ही गाडी अकरा वर्षं रोज धुतली. बाहेरूनच. आतून पुसायला वेगळा माणूस होता. एका सकाळी गाडी धुतानाच त्यांना साप डसला. धुतलेली गाडी समोर, ड्रायव्हर किल्ली हातात घेऊन उभा. आप्पासाहेब ओट्यावरून एवढंच म्हणाले, "बैलगाडी जुंपा." नेवाशाचा दवाखाना यायच्या आत सहादू गेले. सात वर्षांचा भीमराज त्या बैलगाडीत बापाचे पाय धरून बसला होता.

पुढं काही वर्षांनी आप्पासाहेबही गेले, आणि गेले ते याच गाडीच्या मागच्या सीटवर. तेव्हापासून तिला कुणी हात लावला नव्हता. त्यांच्या सुनेनं ती भंगाराच्या भावानं देऊन टाकली. वर म्हणाली, "आजच न्या. उद्यावर ठेवू नका."

गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून अंगणात उतरली तेव्हा भीमराजची आई भागिरथीबाई दारात आली. तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली, डाव्या मडगार्डवरून हात फिरवला.

"काय करनार हिचं?"

"नवी करनार. पन व्हती तशी न्हाई, माझ्या मनासारखी. पुण्याला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं. तिथं नेनार."

"बरं," म्हातारी म्हणाली आणि चुलीकडं गेली.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम सुरू झालं. भीमराजनं छत चार बोटं खाली घेतलं. वाळूच्या पोत्यावर पत्रा ठेवून लाकडी हातोड्यानं चारही मडगार्ड नव्यानं ठोकून काढले. कारखान्याच्या भंगारातल्या पितळी नळ्या कापून, घासून, त्यांची जाळी पुढं बसवली. इंजिन जुन्या जीपचं. मागचे दरवाजे उलटे उघडतील असे केले, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला सरळ आत बसता येईल. रंग ठरला गडद निळा. सुट्टीचा प्रत्येक दिवस आणि दोन उन्हाळे त्या शेडमध्ये गेले.

पहिल्यांदा ते झालं ते भर दुपारी. बाराचा सुमार. पत्रा तापून तडतडत होता. बाहेर कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. स्टिअरिंग बघायला भीमराज पुढच्या सीटवर बसला, आणि पाठीमागून आवाज आला.

टक... टक.

त्याला वाटलं, पत्रा वाजला. पण आवाज त्याच्या पाठीतून आला होता. सीटच्या लाकडावर कुणी काहीतरी टेकवावं तसा. मग वास आला. थिनर आणि पत्र्याच्या खड्ड्यांत भरलेल्या लांबीच्या उग्र वासातून वर येणारा, गारसर, वाळ्याच्या अत्तराचा. त्यात तंबाखू. हा वास त्यानं लहानपणी ओट्यापासून दहा हात लांब उभं राहून घेतला होता.

आरशात मागची सीट दिसत होती. रिकामी. फक्त डाव्या बाजूला रेक्झिन हळूहळू खाली चाललं होतं... कुणीतरी सावकाश बसावं तसं.

"उतर..."

आवाज म्हणावा तर आवाज नव्हता. कानाशी नुसता श्वास आला. भीमराज उतरला. उतरलो, याचीच त्याला नंतर लाज वाटली.

त्यानं सीटच्या स्प्रिंगा बदलल्या. आठ दिवसांत डावीकडं पुन्हा खळगा. पुन्हा बदलल्या, कारखान्यातल्या जाड तारेच्या घातल्या. पुन्हा खळगा. तो पुढं बसला की दोन ठोके, आणि मग तो श्वास. बायको माधुरी शेडकडं फिरकेनाशी झाली. "देऊन टाका ना ती गाडी," ती म्हणायची. "घरात भाकरी भाजतानासुदिक मला त्यो वास येतो."

शेवटी भीमराज नेवाशाला गहिनीनाथकडं गेला. आप्पासाहेबांचा ड्रायव्हर. सहादूला साप डसला तेव्हा किल्ली घेऊन उभा होता तोच. आता डोळ्यांत मोतीबिंदू, ओसरीवर बसून असायचा. भीमराजनं आपलं नाव आणि टकटकीचं सांगितलं, तसा त्यानं पाय जवळ ओढून त्याला जागा करून दिली.

"काठीनं बोलायचे ते," तो खालच्या आवाजात म्हणाला. "येक ठोका म्हंजी थांब. दोन म्हंजी चल, नीघ. त्वांडानं कधी बोलले न्हाईत माझ्याशी."

"शेवटच्या दिवशी काय झालं, तात्या?"

"राहुरीवरनं निघालो. वाटंत दोनदा थांबवली, दोनदा चालू केली. येक ठोका, मंग दोन... घरी आलो, दार उघडलं, तर आंग गार. डाक्टर म्हनला, जाऊन दोन तास झाले." गहिनीनाथनं पांढुरके डोळे त्याच्याकडं वळवले. "दोन तास, भीमा. मंग मी कुनाच्या हुकमावर गाडी चालवली?"

भीमराजनं मग सीटवरच्या खळग्याचं सांगितलं.

"मागची सीट काढून टाक," म्हातारा म्हणाला. "दोन मानसांची गाडी कर. त्येला जागाच ठिवू नगं."

हे पटण्यासारखं होतं. घरी आल्या आल्या भीमराज पाना घेऊन मागच्या सीटच्या बोल्टांना भिडला. दोन सैल झाले, तिसरा फिरवताना शेडच्या दारात सावली पडली.

"काय करतोस?" भागिरथीबाईनं विचारलं.

त्यानं सगळं सांगितलं. टकटक, वास, गहिनीनाथ. इतके दिवस आईपासून लपवलेलं सगळं. म्हातारीनं पदर कमरेला खोचला.

"सीट काढल्यावर मी कुठं बसू?"

"आई, अगं..."

"तुझा बाप बैलगाडीत गेला, तवा ही सीट रिकामी हुती. मी बघितलंय. आता मी बसनार, तर ही काढून टाकायची? त्याच्या भ्यानं?" तिनं मागचं दार ओढलं. "बोल्ट आवळ."

शेडमध्ये एकाएकी गारवा उतरला. वाळ्याचा वास इतका दाटला की थिनरचा वास येईनासा झाला. डावीकडचा खळगा खोल गेला, आणि आतून एकच ठोका आला. टक.

थांब.

भागिरथीबाईनं एक पाय आत ठेवला.

"सरका, आप्पासाहेब," ती म्हणाली. "मला बसायचंय."

टक. या वेळी जोरात. पुढच्या सीटच्या लाकडावर भीमराजच्या डोळ्यांदेखत खोक पडली. रंगाचा टवका उडून त्याच्या पायाशी आला. म्हातारीनं दाराची कड घट्ट धरली. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. पण पाय तिनं मागं घेतला नाही.

"सरक म्हनते ना!"

आणि ती बसली. सगळं वजन टाकून, डाव्या बाजूलाच बसली. क्षणभर काहीच झालं नाही. मग स्प्रिंगा करकरल्या, आणि तो खळगा... तिच्या बुडाखालून निघून सीटवरून हळूहळू सरकत उजव्या दाराला जाऊन भिडला.

भागिरथीबाईनं दीर्घ श्वास सोडला. "बस म्होरं," ती मुलाला म्हणाली. भीमराज बसला. त्या दिवशी कुणी त्याला उतर म्हणालं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत ते पुण्याला निघाले. पुढं भीमराज आणि माधुरी, मागं एकटी भागिरथीबाई, ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून. बेलापूरजवळ प्रवरेच्या पुलावर गाडी चढली आणि मागून ठोका आला. एकच. भीमराजचा पाय त्याला न विचारता ब्रेकवर गेला.

"चल, भीमा," मागून आई म्हणाली.

पुन्हा ठोका.

"मी सांगते ना, चल."

त्यानं ॲक्सिलरेटर दाबला. पूल मागं पडला. त्यानंतर पुण्यापर्यंत कुणी काठी टेकवली नाही.

प्रदर्शनात राजेरजवाड्यांच्या गाड्या होत्या, काचेसारख्या चकाकणाऱ्या. पण परीक्षक निळ्या गाडीपाशी तीनदा आले. जाळी कुठं बनवली, मडगार्ड कुणी ठोकले, विचारत राहिले. "घरी," भीमराज म्हणायचा, "मीच." एकानं मागचं दार उघडून म्हातारीला उतरायला हात दिला. "मी बसून ऱ्हाते," ती म्हणाली. घरी बांधलेल्या गाड्यांमध्ये पहिलं बक्षीस त्याला मिळालं. नाव पुकारलं तेव्हाही ती गाडीतच होती, ताठ, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

परत आल्यावर मागची सीट सपाट झाली ती कायमची. वास गेला. माधुरी शेडमध्ये धान्य वाळवायला लागली. भीमराजला वाटलं, संपलं.

आठवड्यानं भागिरथीबाई म्हणाली, उजवा हात गार पडतो. खांद्यापासून बोटांपर्यंत, ऐन उन्हातसुद्धा. भीमराजनं तिला श्रीरामपूरला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी आधी डाव्या हाताची नाडी पाहिली, मग उजव्या. मग दोन्ही मनगटं एकदम धरली आणि घड्याळाकडं बघत बराच वेळ तसेच बसून राहिले.

"काय झालं, डॉक्टर?"

"हा हात ठीक आहे," ते डावा हात खाली ठेवत म्हणाले. उजवा त्यांनी जरा घाईनंच सोडला. "या हाताची नाडी... निराळी चालते. फार हळू. एका माणसाला अशा दोन नाड्या नसतात."

घरी येताना त्यानं आरशात पाहिलं. आई मागं बसली होती आणि डाव्या हातानं उजवं मनगट चाचपत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती शोधूनही सापडली नाही.

"चालू दे," ती म्हणाली. "आता मी जाईन तिथं त्याला यावं लागंल."

त्यानंतर दर पौर्णिमेला ती त्या गाडीतून बुद्धविहारात जाऊ लागली. पायरीशी आलं की उजवा हात आपोआप पुढं होतो आणि दाराची चौकट घट्ट पकडतो, नखं पांढरी पडेपर्यंत. मागची माणसं थांबून राहतात. भागिरथीबाई डाव्या हातानं एकेक बोट सावकाश सोडवते, आणि आत जाते.