चिमीची मावशी

मास्तर निघाला होता तो नुसता लेकीचा स्वेटर द्यायला. डिसेंबरातला गुरुवार. संध्याकाळचे सात वाजून पन्नास मिनिटं. वेळ मला पक्की आठवते, कारण माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्याच्या दुकानाला लागूनच, आणि मी तेव्हा शटर ओढत होतो.

तुम्ही दोघं सुट्टीत कामाला जाणार म्हणताय, म्हणून सांगतोय. एरवी ही गोष्ट मी काढत नाही.

मास्तर म्हणजे आमचा शिंपी. बायको लवकर गेली. एकच लेक, चिमी, सतरा वर्षांची. कॉलेज सुटलं की एका मोठ्या लाँड्रीत जायची, हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायला. हातातली इस्त्री नव्हे रे. दोन तापलेले रूळ, माणसापेक्षा लांब. एकीकडून ओली चादर सरकवायची, पलीकडून कडक होऊन बाहेर.

आधी मास्तर खूश होता. मग घरात सुरू झालं, ‘मावशी म्हणते.’ मावशी म्हणजे लाँड्रीत तिला काम शिकवणारी बाई. मावशी म्हणते, बांगड्या नकोत. मावशी म्हणते, वेणी वर बांध. चादर अडकली तर आधी लाल बटण, मग हात. जेवताना मावशी, झोपताना मावशी. मास्तर माझ्याकडे येऊन बसायचा आणि समोरचा चहा गार व्हायचा.

“पोर माझी, आणि ऐकते कुणाचं? मी वेणी बांध म्हटलं की तोंड वाकडं करते!”

“तू कधी विचारलंस तिला, मशीन कसलं आहे?” मी म्हटलं.

“तू पण तिच्याच बाजूनं बोल.”

त्यातच त्यानं हौसेनं तिला कामावर घालायला एक कोट शिवला. लांब बाह्या, मनगटाला झालर. दोन रात्री जागला होता. तिसऱ्या दिवशी पोर घरी आली, तर बाह्या कोपरापासून कापलेल्या.

“मावशीनं कापल्या, बाबा. अडकतात म्हणाली.”

मास्तरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वेटर कसला, निमित्त हवं होतं. त्याला ती बाई बघायची होती.

पुढचं त्यानं मला त्याच रात्री सांगितलं. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता.

लाँड्रीच्या मागच्या दाराशी तो पोचला तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. आत वाफ. मशीनची घरघर. एकच दिवा. चिमी रुळांसमोर उभी, आणि तिच्या मागे, अगदी चिकटून, एक बाई. डोक्याला फडकं बांधलेलं. पाठ दाराकडे. बाई चिमीच्या कानाशी वाकली, काहीतरी बोलली. आणि चिमी हसली.

“असं ती घरी कधी हसली नाही रे,” मास्तर मला म्हणाला. “आई गेल्यापासून नाही.”

तो ओरडला, “ए बाई!”

चिमीनं वळून पाहिलं. “बाबा?”

तेवढ्यात चादर गोळा झाली. रुळांच्या तोंडाशी अडकली. चिमीचा हात... सवयीनं... चादरीमागे गेला.

मास्तर धावला. लाल बटण... कुठे होतं? त्याला माहीत नव्हतं. त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

हात आत चालला होता.

बाईनं चिमीचं मनगट धरलं. एकच हिसका. हात बाहेर. नुसती चादर आत गेली. चिमीनं दुसऱ्या हातानं बटण दाबलं.

घरघर थांबली.

वाफ विरली.

बाई नव्हती.

“मावशी...?” चिमी म्हणाली.

आवाज ऐकून धुलाईच्या खोलीतून एक म्हातारा कामगार आला. मास्तरनं विचारलं, “इथली मावशी कुठे गेली?”

म्हाताऱ्यानं आधी मशीनकडे पाहिलं.

“होती एक,” तो म्हणाला. “नऊ वर्षं झाली. याच मशीनवर... बाही अडकली तिची. बटण त्यानंतर बसवलं.”

दुसऱ्या दिवशी मास्तर मालकासमोर उभा राहिला. रुळांपुढे जाळी बसेपर्यंत आणि मशीनवर तिच्या जोडीला दुसरं माणूस येईपर्यंत पोरीला पाठवणार नाही म्हणाला. पंधरा दिवस पाठवलं नाही. जाळी बसली, जोडीला माणूस आलं, मगच ती गेली. त्यानंतर तो दर आठवड्याला स्वतः जाऊन बघायचा. पट्टे, तारा, दिवे, सगळं विचारायचा. मालक वैतागायचा, पण मास्तर हटायचा नाही.

मावशी मात्र पुन्हा दिसली नाही. चिमी चार रात्री रडली. मास्तर मला हळूच म्हणाला, “मला बरं वाटलं रे. लाज वाटली, पण बरं वाटलं. आता ती मला विचारते.”

फक्त एक राहिलं. चिमीच्या उजव्या मनगटावर बोटांचे चार पांढरे वळ. दुखत नाहीत, उन्हानं काळवंडत नाहीत. डॉक्टरला काही सांगता आलं नाही. आता तिचं लग्न झालंय, मूल आहे. वळ तसेच आहेत.

परवा ती माहेरी आली होती. दुपारी डुलकी लागली तिला. मी दारातून पाहिलं... मास्तर शेजारी बसून तिच्या मनगटावरच्या त्या वळांवर आपली बोटं ठेवून बघत होता. एकदा. पुन्हा एकदा.

बसत नव्हती.