हात न लावलेलं शिंगरू

काम साधं होतं. घोडी नागपुरात पोचवायची, दोर दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि परत यायचं.

गणपतराव ही गोष्ट अशीच सुरू करतात, भुताचं नावही न काढता. गोळीबार चौकातल्या त्यांच्या ओट्यावर रात्री कंदील बारीक केला, की मिलची पाळी संपवून आलेली पोरं भोवती सरकून बसतात.

"कोणी पाहिलं होतं का गणपतराव, का असंच?" त्या पोरांतल्या मधुसूदननं एकदा विचारलं.

"ज्याच्यावर गुदरलं त्याच्यासंगं मी सहा वर्षं एका खात्यात काम केलं. कवडूले खोटं बोलता आलं असतं, तं त्यानं एखादी बरी गोष्ट नसती सांगितली काय गा?"

 गणपतराव पुढं सांगू लागले.

साल बावन्न. वैशाख वद्य द्वादशीची रात्र. कवडू तेव्हा नानाजींच्या पागेत मोतद्दार होता.

नानाजी म्हणजे काटोल रोडवरच्या एका गावचे मालगुजार. नागपूरपासून आठ कोस. त्या घरानं सात पिढ्या एकच वाण सांभाळला होता. बुटके, रुंद छातीचे, दगडासारख्या खुरांचे भीमथडी घोडे. पहिली घोडी भोसल्यांच्या फौजेतून आली, असं घरातले सांगत. तेव्हापासून बाहेरचं रक्त मिसळू दिलं नव्हतं. कवडूच्या आजानं तिथं खरारा केला, बापानं केला, आणि आता कवडू करत होता.

मग मालगुजारी गेली. चाऱ्याचा रमणा गेला. एकेक जनावर गेलं. शेवटी एक म्हातारा घोडा आणि सारजा नावाची तांबडी घोडी, एवढंच उरलं. घोडाही पावसाळ्यात मेला. पण तोवर सारजा गाभण होती. साऱ्या घराचा जीव तिच्या पोटाशी टांगला होता.

माघातल्या कडक थंडीत ती व्याली. नर शिंगरू. आईसारखंच तांबडं.

त्या घरात एक नेम होता. नव्या शिंगराला माणसानं हात लावायचा नाही. सूर्य उगवायच्या आत जे आपल्या पायांवर उठेल, त्यालाच नाव. उचलून उभं केलेलं शिंगरू वाणाचं नाही. सात पिढ्या हा नेम कधी मोडला नव्हता. मोडायची वेळच आली नव्हती.

हे शिंगरू अशक्त होतं. पुढचे पाय टेकायचं, मागचा भाग अर्ध्यावर आणायचं आणि पडायचं. सारजा त्याला नाकानं ढकलत होती. कवडू दोन हातांवर होता. त्याच्या हाताला नुसती खाज सुटली होती.

"मालक, थोडं पोटाखाली धरतो. थोडंच."

"हात नको लावू, कवडू."

"थकून राहिलं जी ते."

"वाणाचं असंन तं उठंन." नानाजींचा आवाज फाटला होता. त्यांनी स्वतःचे हात घोंगडीत घट्ट गुंडाळून घेतले होते.

कवडूनं मोजलं. सतरा वेळा ते उठायला गेलं. सतरा वेळा पडलं. अठराव्यांदा त्यानं फक्त मान उचलली आणि कवडूकडं पाहिलं. मग मान पडली, ती कायमची, आणि कोंबडा आरवला.

त्यानंतर नानाजी पागेत आले नाहीत. चैत्र सरला आणि त्यांनी नागपुरात बर्डीवरच्या भैयाजी टांगेवाल्याला घोडी देऊन टाकली. कवडूनं ती नेऊन पोचवायची. उन्हाचे दिवस, म्हणून रात्रीचा प्रवास.

निघताना नानाजी बाहेर आले नाहीत. त्यांची बायको प्रयागबाई आली. तिनं सारजाच्या कपाळाला कुंकू लावलं आणि कवडूच्या हातात भाकरीचं फडकं दिलं.

"टांगेवाला कसा आहे गा?"

"भला आहे म्हणतेत, माय."

"चाबूक मारत असंन तं मले येऊन सांगजो. तुह्या मालकाले नको सांगू, मले सांगजो." एवढं बोलून ती आत गेली. दार लावायला तिला वेळ लागला.

रस्ता ओळखीचा होता. संत्र्यांचे बगीचे मागं पडले. वारा पडला होता. काळोख इतका, की घोडीची पाठ दिसत नव्हती, नुसता तिचा घाम जाणवत होता. कवडू तिच्याशी बोलत चालला. टांग्याचं सांगितलं. डांबरी सडकेचं सांगितलं. लोक भरपूर असतात तिथं, करमेल तुला, म्हणाला. घोडी ऐकत चालली होती.

मध्यरात्र उलटली असेल. गोरेवाड्याच्या अलीकडं, जिथं दोन्ही बाजूंनी झाडी आहे, तिथं सारजाचे कान मागं वळले.

कवडूलाही ऐकू आलं.

मागून काहीतरी येत होतं. खुरांचाच आवाज. पण हलका... ओला... चार पायांचा मेळ नसलेला.

कुत्रं असेल, तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. सारजा थांबली. मागचा आवाज पुढं आला... आणि धप्प.

पडलं.

कवडूनं दोर ओढला. घोडी हलली नाही.

मागं धुळीत खूर खरवडले. काहीतरी धडपडून उठलं. अर्ध्यावर आलं...

धप्प.

"रामा... रामा..."

पुन्हा.

पळावं असं त्याला वाटलं. पाय उचललेही. पण मोजणी त्याच्या डोक्यात आपोआप सुरू झाली होती. सहा. सात. तो आवाज त्याला पाठ होता. तीन महिने तो रोज रात्री हाच आवाज ऐकत झोपत होता. बारा. तेरा. सारजा घशातल्या घशात बोलू लागली. हळू. जशी त्या रात्री बोलत होती.

सोळा.

सतरा.

मग काही नाही.

झाडाचं पान हललं नाही. काळोखात कोणीतरी मान उचलून त्याच्याकडं पाहत होतं. दिसत नव्हतं. पण पाहत होतं...

गणपतराव इथं थांबतात. 

"मी उचललं असतं," कवडू अंधारात म्हणाला. तो रडत होता. "मले उचलायचं होतं बापा. मले नको म्हटलं होतं."



दोर त्याच्या हातातून सुटला. तो मागं वळला. डोळे मिटून घेतले, आणि गुडघ्यांवर चालत गेला. दहा हात असेल. धूळ. दगड. मग त्याच्या बोटांना ओलं लागलं. ओलं आणि गार. बरगड्या लागल्या. एकेक मोजता येईल अशा.

त्यानं दोन्ही हात पोटाखाली घातले.

"ऊठ," तो म्हणाला. "ऊठ रे राजा."

वजन काहीच नव्हतं... आणि मग होतं. चार पाय जमिनीला टेकले. थरथरले. टिकले. त्याच्या तळहातांखाली ते गार अंग हळूहळू गरम होत गेलं. मग हात रिकामे झाले.

किती वेळ तो तसाच बसला, कोण जाणे. सारजानं रस्त्यात मागचे पाय फाकवून टेकल्याचा आवाज त्याला आला, मग तिचा संथ, निवांत श्वास. मुतायला थांबली असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. डोळे मात्र उघडले नाहीत. उघडले तेव्हा झाडीच्या वर चंद्राची बारीक कोर आली होती, आणि रस्त्यावर घोडी एकटी होती.

काटोल नाक्यावर उजाडलं. बर्डीला पोचला तेव्हा भैयाजी दात घासत दारात उभा होता. त्यानं सारजाचे दात पाहिले, खूर उचलून पाहिले, पाठीवरून हात फिरवत मागं गेला आणि खाली वाकला.

वाकलेला तसाच राहिला.

"काहून गा," तो म्हणाला, "हिचं लेकरू कुठं आहे?"

कवडूनं वळून मागच्या रस्त्याकडं पाहिलं.

"पितं लेकरू तोडून आणलं काय तुम्ही? माणसं आहा का कोण? अशी घोडी मी नाही जुंपत. जा, आधी लेकरू आण हिचं."

कवडू घोडीच्या मागं गेला. व्याल्यावर पंधरा दिवस गळून गळून सारजाची कास आटली होती. सुकल्या वांग्यासारखी झाली होती. त्यानंच रोज पाहिली होती.

ती आता टचटचीत भरली होती. एका सडावर पांढरा फेस होता.

त्यानं बोट लावलं. फेस कोमट होता.