डाव्या बाजूचा ब्रेक

तुम्ही म्हणाल, फेकतोय. म्हणा. तुमच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

पण यातलं शेवटचं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. बाकीचं काकांनी सांगितलंय. आणि आमचे काका गिऱ्हाइकाशी गाडीच्या तेलाबद्दलसुद्धा कधी खोटं बोलत नाहीत.

रात्रीबिरात्रीची गोष्ट नाही ही. रविवार होता, भर दुपार. सव्वातीन वाजले होते. जागा म्हणजे काकांचं गॅरेज आणि तिथून मोठ्या चौकापर्यंतचा सरळ रस्ता.

काका मेकॅनिक. तेही ऑटोमॅटिक गिअरचे. बाकीच्या गॅरेजवाल्यांनी हात टेकले की गाडी त्यांच्याकडे येते. त्यांना एकच मुलगी, आमची ताई. लहानपणीच्या आजारात तिच्या डाव्या पायातलं बळ गेलं. क्लच दाबणं तिला जमत नाही, म्हणून गाडी चालवायची तर ऑटोमॅटिकच.

ताईला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी लागली. सकाळी सहाला हजर व्हायचं आणि त्या वेळी बस नाही. घरात सगळ्यांची तोंडं उतरली. काका म्हणाले, "बस कशाला हवी? बाप कोण आहे तुझा?"

दोन दिवसांत ते एका दलालाकडून जुनी ऑटोमॅटिक घेऊन आले. ताई रडलीच. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणाच्या मागे लागायची गरज उरली नव्हती.

गाडी झकास होती. एकच खोड.

दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना... झटका.

कुणीतरी मागून कॉलर धरून ओढावं, तसा.

गंमत म्हणजे काका चालवायला बसले की काही नाही. ताई बसली की झटका. काका चिडवायचे, "तुझा पाय जड आहे गं."

"बाबा, एकच पाय धड आहे माझा. त्यालाही नावं ठेवा."

हसण्यावारी नेलं खरं, पण सोमवारी ताई कामावर रुजू होणार होती. काका गाडीखाली शिरले. गिअरचं तेल पाहिलं, लालभडक होतं, जळका वास नाही. तरी बदललं. फिल्टर बदलला. गिअरबॉक्स ज्यांवर बसतो ते रबर बदलले. बिघाड दाखवणारं मशीन जोडलं, तर ते म्हणे सगळं ठीक.

शेवटी काका म्हणाले, "हिची आठवण पुसतो."

या गाड्यांचं असं असतं, गिअरबॉक्स चालवणाऱ्याचा पाय शिकतो. कोण दामटतो, कोण जपून चालवतो, ते ओळखून गिअर बदलतो. जुन्या मालकाची सवय पुसली की तो नव्याने शिकायला लागतो. काकांनी मशीनवरून ती पुसली. मग ताईला म्हणाले, "चल, आता तुझा पाय शिकवू हिला."

हीच ती रविवारची दुपार.

ताई चालवत होती. काका डाव्या सीटवर, मांडीवर मशीन. रस्ता मोकळा. पहिला गिअर. दुसरा. छान चाललं होतं.

आणि मग...

टक. टक.

डॅशबोर्डवर कुणीतरी दोनदा टिचकी मारली.

लगेच झटका! काकांचं डोकं पुढे गेलं. त्यांनी मशीनकडे पाहिलं. पडद्यावर लिहिलं होतं, ब्रेक दाबलेला आहे.

"ब्रेक का दाबलास?"

"मी कुठे दाबला? बघा ना, पाय कुठे आहे माझा!"

तिचा पाय ॲक्सिलरेटरवर होता.

ब्रेकचा स्विच खराब असणार, काका मनाशी म्हणाले. मेकॅनिक माणूस आधी स्विचवरच जातो. "परत घे," ते म्हणाले.

गाडी परत निघाली. पहिला. दुसरा. समोर मोठा चौक दिसायला लागला.

टक. टक.

"बाबा, टिचक्या का मारताय?"

"मी?"

काकांनी खाली पाहिलं.

त्यांचाच उजवा हात डॅशबोर्डवर होता. बोटं वाकवलेली.

त्यांना कळेचना, हात तिथे गेला कधी. तेवढ्यात पायाखाली काहीतरी हललं. चटईखालची जागा... खाली गेली. चार बोटं तरी. पेडल जातं तशी.

झटका.

आणि ताई समोर बघत, अगदी हळू म्हणाली, "चुकलं, सर."

काका तिच्याकडे वळले. "सर? कोण सर?"

"काय?" ताईने वळून पाहिलं. "मी काही बोलले का?"

गॅरेजमध्ये येताच काकांनी डाव्या बाजूची चटई उचलली. खाली सपाट पत्रा. पेडल नाही, काही नाही. फक्त चार भोकं... बोल्टांची, जुनी, गंज चढलेली.

मेकॅनिकला सांगायला लागत नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. इथेही कधीतरी होता. आता काढलेला होता.

मग पायाखाली गेलं काय?

काका तसेच तेलकट हातांनी गाडी घेऊन दलालाकडे गेले. दलाल आधी उडवाउडवी करत होता. काकांनी त्याच्या टेबलावर मूठ आपटली, तेव्हा बोलला.

गाडी एका मास्तरची होती. त्याने या गाडीवर शेकडो लोकांना शिकवलं. माणूस शिस्तीचा. शिकणाऱ्याचं चुकलं की दोन टिचक्या मारायचा आणि मग ब्रेक दाबायचा. शेवटी स्वतःच्या मुलीला शिकवायला घेतलं. तिला बजावलं होतं, गाडीत मी बाप नाही, गाडीत सर म्हणायचं.

"मग?"

"मोठ्या चौकात डावीकडून ट्रक येत होता. मास्तरने टिचक्या मारल्या. पाय ब्रेकवरच होता त्याचा. पण त्याला वाटलं, आज हिचं हिला थांबू दे. किती दिवस मी दाबणार?" दलालाने मान खाली घातली. "मग दाबला... पण उशिरा. ट्रकने गाडी फिरवली, ती मुलीच्या बाजूने विजेच्या खांबावर गेली. मुलगी गेली. मास्तरला खरचटलंसुद्धा नाही. चार महिन्यांनी तोही गेला. त्या बाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, ब्रेक काढून टाकायला लावला. गाडी मी दुरुस्त करून विकली. अहो, गाडीत तसा काही दोष नव्हता."

काकांनी गाडी तिथेच सोडली. किल्ली टेबलावर टाकली आणि चालत घरी आले.

ताईने आकांडतांडव केलं. पहिला महिना काका तिला रोज पहाटे गॅरेजच्या व्हॅनने सोडत होते. महिन्याभरात त्यांनी दुसरी ऑटोमॅटिक शोधली. दुसऱ्या गावातली, दोनच वर्षं जुनी, एका डॉक्टरीणबाईंच्या हातची. चटया स्वतः उचलून बघितल्या. एकही भोक नव्हतं.

पहिली फेरी मारायला ताई बसली. काका डावीकडे.

पहिला गिअर. दुसरा. लोण्यासारखी चालली होती गाडी. काकांना हायसं वाटलं. ते म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं..."

टक. टक.

झटका.

"चुकलं, सर."

काकांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग पायाकडे. त्यांचा उजवा पाय रिकाम्या पत्र्यावर घट्ट दाबलेला होता. तो त्यांना उचलता येईना. आणि त्यांनी स्वतःचाच आवाज ऐकला. शांत, शिस्तीचा.

"परत घे."

दोष गाडीत नव्हताच, डाव्या सीटवर होता. त्यांनी चुकीचं इंजिन उघडलं होतं.

त्या दिवसापासून काका ताईच्या गाडीत बसत नाहीत. ताईला आठवत काहीच नाही. ती म्हणते, जुन्या गाडीला असतो थोडा झटका, त्यात काय एवढं! नोकरी सोडायला तयार नाही. इतक्या वर्षांनी स्वतःच्या पायावर उभी राहिलेय पोर, तिला कुठल्या तोंडाने सांगणार, की गाडी सोड?

आता मी पाहिलेलं सांगतो.

मागच्या महिन्यात मी काकांकडे राहायला गेलो होतो. सकाळी साडेपाचला ताई निघाली. काका स्वयंपाकघरात टेबलाशी बसले. समोर चहा, चहाला हात नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर.

पाच वाजून एकेचाळीस मिनिटं. ताई मोठ्या चौकात पोचते ती वेळ.

काकांची बोटं उचलली गेली.

टक. टक.

आणि टेबलाखाली त्यांचा पाय फरशीवर दाबला गेला. इतका जोरात, की कपातला चहा बशीत सांडला.

दोन मिनिटांनी फोन आला. "पोचतेय बाबा."

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "रोज असंच. पाय दाबला की तिचा फोन येतो."

मी चार दिवस राहिलो. तीन दिवस तसंच झालं.

चौथ्या दिवशी... टक. टक.

पाय हलला नाही.

मी काकांच्या तोंडाकडे पाहिलं. ते तोंड काकांचं होतं, पण बघत होतं कुणी वेगळंच. कौतुकाने. मुलगी काय करते ते बघावं तसं. ओठ पुटपुटले, "आज... तिचं तिला..."

"काका!" मी ओरडलो. खांदा धरून गदागदा हलवलं. "काका, पाय दाबा! पाय!"

त्यांनी दाबला.

फोन लवकर वाजलाच नाही. सहा मिनिटं गेली. काका टेबल धरून रडत होते.

मग वाजला.

"बाबा," ताईचा आवाज कापत होता, "पोचलेय मी. पण आज ना... ब्रेक जरा उशिरा लागला."

मी परत आलोय. काकूंना सगळं सांगून आलोय. आता रोज पहाटे पाच वाजून एकेचाळीसला काकू त्यांच्या समोर बसतात, त्यांचा गुडघा दोन्ही हातांनी धरून, पाय नाही हलला तर खाली दाबायला.

आणि मीही इथे, त्याच वेळी जागा असतो. फोन हातात घेऊन.